डॉक्टरांच्या मोटारीचं माप

पुढची सीट उतरवायला ताईला आणि मिस्त्रीला अख्खी सकाळ लागली. चारपैकी तीन बोल्ट निमूट सुटले. चौथा गंजून लाकडात असा रुतून बसला होता, की मिस्त्रीने त्याला तेल पाजलं, हातोडीने गोंजारलं आणि शेवटी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा कुठे तो हलला. मग दोघांनी सीट उचलून संग्रहालयाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी, लांब टेबलावर आणून ठेवली.

ताईचं बाजारात सीटकव्हरांचं दुकान होतं. ट्रक, टेम्पो, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, जे म्हणाल त्याची गादी ती शिवून द्यायची. वय पंचावन्नच्या पुढे, चण लहान, बोटं मात्र दाभण ओढून ओढून राठ झालेली. धंदा वडिलांचा, त्यांच्यामागे तिने चालवलेला. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणत. ओळख सांगताना मात्र ‘ड्रायव्हरांची ताई’ म्हणत, कारण त्या घराला गावात ड्रायव्हर याच नावाने ओळखायचे. आणि ते नाव ज्या मोटारीमुळे पडलं, तीच ही मोटार.

गावात आलेली ही पहिली मोटार, तिला आता शंभर वर्षं होत होती. आली म्हणजे चाकं, इंजिन आणि खालचा लोखंडी सांगाडा, एवढंच पेट्यांमधून आलं होतं. वरचं सगळं नदीकाठच्या बग्ग्यांच्या कारखान्यात घडवलेलं. त्या काळी कापड घेऊन शिंप्याकडे जावं तसं सांगाडा घेऊन बग्गीवाल्याकडे जायचं. गिऱ्हाईक बघून तो टप, दारं, सीटा, पायऱ्या बेतायचा. ही मोटार डॉक्टरांसाठी बेतलेली. शाळेच्या पुस्तकात गावाच्या इतिहासाचा जो धडा होता, त्यात लिहिलं होतं की डॉक्टर स्वतः मोटार चालवत दूरदूरच्या रोग्यांपर्यंत पोहोचत. संग्रहालयात मोटारीच्या मागच्या भिंतीवर तसा फोटोही होता. डॉक्टर स्टीअरिंगपाशी बसलेले, आणि मडगार्डवर हात ठेवून उभा असलेला एक उंचापुरा माणूस. तो ताईचा आजोबा.

ताईच्या घरचं म्हणणं वेगळं होतं. डॉक्टर बसले ते फोटोपुरते, मोटार हाकायचे ते आजोबा. गावचे पहिले ड्रायव्हर. ताईच्या धाकट्या भावाने तर त्यावर संसार उभा केला होता. त्याच्या मोटार शिकवण्याच्या वर्गावर हातभर अक्षरांत पाटी होती, ‘पहिल्या ड्रायव्हरच्या नातवाकडून शिका’. आत भिंतीवर आजोबांचा कोट काचेत लावलेला. हा वाद गावात दोन पिढ्या चालू होता, पण गोडीगुलाबीने. कोणाचं काही अडत नव्हतं.

आता शंभरी साजरी करायची होती. मोटार दोरखंडाच्या मागून बाहेर काढून चौकात एक फेरी मारायची, असं समितीने ठरवलं होतं. इंजिन मिस्त्रीकडे, सीटा ताईकडे. हातात तीन आठवडे होते.

टेबलावरच्या सीटकडे ताईने नीट बघितलं. कातडं कोरड्या पानासारखं तडकलेलं. उजव्या बाजूला खोल खड्डा पडलेला, डावी बाजू जवळजवळ जशीच्या तशी. कोणीतरी काम कच्चं केलंय, असं तिच्या मनात आलं. मग तिने रोजचं काम रोजच्यासारखं केलं. कातडं उसवलं, त्यावरून नव्याचा कागद कापून घेतला, आतला काथ्या आणि घोड्याचे केस उपसले, झटकले, पिंजून मोकळे केले. तासाभरात टेबलाशेजारी ढीग तयार झाला आणि खाली उघड्या स्प्रिंगा उरल्या.

दुपारी ती टेप घेऊन मोटारीपाशी गेली. नवी गादी किती उंच बसवायची ते बघायचं होतं. बोल्टांची भोकं, लाकडी खोका, स्टीअरिंगचं चाक, सगळी मापं तिने कागदावर मांडली आणि कपाळाला आठी घातली. गादी मूळच्या उंचीची धरली, तर गादी आणि चाक यांच्यात पाच इंच उरत होते. मोठ्या पुरुषाची मांडी तेवढ्यात जात नाही. तिने परत मोजलं. मग टेप बदलून मोजलं, कारण टेपही ताणून लांब होतो. आकडे तेच आले.

आणि आजोबा सहा फुटांचे होते. त्यांचा कोट भावाला अंगाबरोबर होत होता, आणि भावाला दारातून जाताना मान वाकवावी लागत होती.

तिने मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्रीने बोनेटखालून डोकं काढलं आणि सीट नंतर कोणीतरी बदलली असेल, असं सांगून ते परत आत घातलं. ते पटण्यासारखं होतं. पण ताई गुडघ्यांवर बसून तळफळीवर हात फिरवत राहिली. सीट आधी दुसरीकडे असती तर जुनी भोकं असती, बुजवलेली का होईना. लाकूड अखंड होतं. मग तिला पायाशी आणखी एक गोष्ट दिसली. डावीकडच्या, म्हणजे क्लचच्या पायपट्टीवर अडीच इंच जाडीचा लाकडी ठोकळा होता, कातड्याने मढवलेला. नंतरची डागडुजी म्हणून त्याच्याकडे कोणी कधी लक्ष दिलं नव्हतं. तिने कडेचा टाका उसवून बघितलं. सीटच्या खोक्याचं जे लाकूड, तेच ठोकळ्याचं. रोगणही तेच. टाकाही त्याच हाताचा.

तिला काही समजेना. गाडी अशीच बनवली होती. म्हणजे चालवणारा बुटका होता, आणि त्याचा डावा पाय आखूड होता. आजोबा असे नव्हते. डॉक्टर असे होते का? तिने जाऊन फोटो जवळून बघितला. लहानपणापासून शंभरदा बघितलेला फोटो. डॉक्टर स्टीअरिंगपाशी बसले होते खरे, पण दार उघडं होतं आणि दोन्ही पाय बाहेर, पायरीवर होते. आजवर तिला वाटायचं, ती ऐट आहे.

दुसऱ्या दिवशी ती नदीकाठच्या कारखान्यात गेली. तिथे आता शाळेचे बाक आणि कपाटं बनत. बग्गीवाल्याचा नातू ऐंशीच्या घरातला होता, पण रंध्याचा आवाज ऐकून लाकूड कोणतं ते सांगायचा. ताईने येण्याचं कारण सांगितल्यावर त्याने फडताळातून मापांच्या जुन्या वह्या काढल्या आणि धूळ झटकत दोघं त्या चाळत बसली. तिसऱ्या वहीत मोटार सापडली. वर डॉक्टरांचं नाव. खाली, बारीक अक्षरात, बसणाऱ्याचं माप. उंची चार फूट अकरा. मांडी, पोटरी, हाताची लांबी. आणि दोन ओळी वेगळ्या, उजवा पाय इतका, डावा पाय अडीच इंच कमी.

ताईने विचारलं, की मग डॉक्टर लंगडे होते का.

म्हातारा हसला. “नाव गिऱ्हाइकाचं असतं ताई. माप बसणाऱ्याचं. नवऱ्याने सांगितली म्हणून चोळी काय नवऱ्याच्या मापाची शिवतात?”

“मग बसणारा कोण?”

“ते वहीत कशाला लिहितील? तो समोर उभाच होता की.”

परत येताना ताईला रस्ताही धड सुचेना. दोनदा चुकीच्या गल्लीत वळली. एकीकडे वाटत होतं, आपल्याला काय करायचंय, गादी शिवून द्यावी आणि मोकळं व्हावं. दुसरीकडे वाटत होतं, आजोबा जर त्या सीटवर बसूच शकत नव्हते, तर आपण इतकी वर्षं ड्रायव्हर कशाचे? भावाशी बोलायची हिंमत झाली नाही. ती आत्याकडे गेली.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, दिवसभर रेडिओ ऐकायची आणि त्याच्याशी वाद घालायची. मोटार चालू होती त्या शेवटच्या वर्षांत ती लहान मुलगी होती. तिला कितीतरी वेळा मोटारीबद्दल विचारून झालं होतं. पण विचारायचे सगळे मोटारीबद्दल. रंग कोणता होता, भोंगा कसा वाजायचा, किती जण मावायचे. ताईने या वेळी विचारलं, की आजोबा मोटार चालवताना कसे बसायचे.

“बसायचे कुठे?” आत्या म्हणाली. “उभे राहायचे. पुढे उभं राहून हँडल मारायचे. मग मागच्या पायरीवर उडी मारायचे.”

“आणि चालवायचं कोण?”

“कंपाउंडरकाका.”

आत्याने हे इतक्या सहज सांगितलं, की ताईला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तिने रेडिओ बंद केला आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. दवाखान्यात औषधं बनवणारा एक कंपाउंडर होता. ठेंगणा, एक पाय आखूड. डॉक्टरांना यंत्राची धास्ती होती, याला यंत्राचं वेड. पण त्या मोटारीचं इंजिन चालू करायचं हँडल फिरवायला रेड्याची ताकद लागायची, ती त्याच्यात नव्हती. म्हणून आजोबांना ठेवलं. ते हँडल मारायचे, रुतली तर ढकलायचे, आणि रोग्याला उचलून न्यायचं असेल तर उचलायचे. हँडल उलटं फिरून एकदा त्यांचा अंगठा मोडला होता, एकदा मनगट. कंपाउंडरकाकांनीच बांधून दिलं होतं.

ताईने विचारलं, की मग आजोबा घरात खोटं का सांगायचे.

आत्या एकदम कठोर झाली. “माझे बाबा कधी खोटं बोलले नाहीत. ते म्हणायचे, ‘डॉक्टरांची गाडी मी चालू करायचो.’ चालू करायचो. तुझा बाप सांगायला लागला, ‘चालवायचो.’ एका शब्दाचा फरक, कोण बघतंय? मला वाटायचं, मुलगाच आहे, बापाला थोडं वर चढवतोय तर चढवू दे.”

कंपाउंडरचं नाव आत्याला आठवेना. कोणी नावाने हाकच मारत नसे. डॉक्टर गेल्यावर दवाखाना बंद झाला आणि तो गाव सोडून गेला. बायको नाही, पोरं नाहीत. कुठे गेला, कोणाला ठाऊक नाही.

ताई तिथून थेट संग्रहालयात आली. मागच्या खोलीत टेबलाशेजारी पिंजलेल्या केसांचा आणि काथ्याचा ढीग तसाच होता, हलका, फुललेला. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. उजव्या बाजूचा तो खड्डा म्हणजे कच्चं काम नव्हतं. डावा पाय आखूड असलेला माणूस वीस वर्षं उजव्या अंगावर भार टाकून बसला, तेव्हा ते तसं झालं होतं. त्याचं नाव राहिलं नव्हतं, फोटो नव्हता, माणसं नव्हती. बसण्याची खूण तेवढी राहिली होती, आणि ती तिने काल तासाभरात झटकून टाकली होती. चूक म्हणावी तर चूक नव्हती, काम तसंच करतात. तिने मूठभर केस उचलले, दाबून बघितले, सोडले. ते पुन्हा फुलले. हे कोणाला सांगावं तेही तिला कळेना. तिने सुई ओवली आणि स्प्रिंगा बांधायला घेतल्या, कारण हाताला दुसरं काही येत नव्हतं.

भावाला तिने चार दिवसांनी सांगितलं, त्याच्या वर्गात, आजोबांच्या कोटाखाली बसून. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, की हे तिला कोणी करायला सांगितलं होतं. सीट शिवायला दिली होती, ती शिवायची. सीट मागे सरकवली, गादी चार इंच पातळ केली की प्रश्नच मिटतो, आणि प्रमुख पाहुणेही त्यावर नीट बसतील. ताई म्हणाली, की तळफळीला नवी भोकं पाडावी लागतील.

“मग पाड ना. शंभर वर्षं चालतंय ते चालू दे ताई.”

तिला रागही आला आणि त्याचं खरंही वाटलं. भावाने रात्रंदिवस झटून त्या एका पाटीवर घर उभं केलं होतं. पण ती भोकं पाडली की त्या माणसाचं उरलंसुरलं मापही जाणार होतं. शेवटी तिने भोकं पाडली नाहीत. निर्णय असा काही घेतला नाही. ड्रिल मशीन हातात घेतलं, परत ठेवलं, आणि सीट होती तिथेच बसवून टाकली.

समितीची बैठक संग्रहालयाच्या व्यवस्थापकांच्या खोलीत झाली. व्यवस्थापक, मिस्त्री, ताई, भाऊ, आणि डॉक्टरांची नात. नात म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरीच्या. सगळे त्यांना बाई म्हणत आणि त्यांच्यासमोर नकळत ताठ बसत. पुस्तकातला तो धडा त्यांनीच लिहिलेला होता.

ताईला सभेत बोलायची सवय नव्हती. तिने कागदावरची मापं वाचून दाखवली, वहीतली मापं वाचली, आणि आत्याचं बोलणं सांगितलं. व्यवस्थापकांनी चष्मा पुसला. भाऊ खिडकीबाहेर बघत होता. बाई म्हणाल्या, की वहीतलं माप त्या नाकारत नाहीत, पण त्यांच्याकडे डॉक्टरांच्या हातची रोजनिशी आहे, आणि तीत स्वच्छ लिहिलंय की मोटार त्यांनी स्वतः चालवली. रोजनिशी त्यांच्या पिशवीतच होती. त्यांनी खुणेचं पान उघडलं आणि शाळेत वाचायच्या तशा आवाजात वाचलं.

“‘आज प्रथमच मोटार स्वतः चालवली.’”

“पुढे?” मिस्त्रीने विचारलं.

बाई थोड्या थांबल्या. “‘तबेल्याच्या भिंतीपर्यंत. भिंत शाबूत आहे, उजवा दिवा गेला. यापुढे ज्याचे काम त्याने करावे.’”

मिस्त्रीला हसू आवरेना. उजवा दिवा डाव्याहून वेगळा का, हे कोडं त्याला पंधरा दिवस छळत होतं. बाईंना मात्र दिव्याचं काही नव्हतं. त्या पानाच्या डोक्यावरची तारीख बघत होत्या. ‘आज प्रथमच’ हे शब्द मोटार आल्यानंतर दोन वर्षांनी लिहिलेले होते. धडा लिहिताना त्यांनी पहिली ओळ तेवढी घेतली होती. त्यांनी पानं मागे उलटली, पुढे उलटली, आणि मग अगदी हळू आवाजात सांगितलं, की रोजनिशीत जागोजागी ‘कं. घेऊन निघालो’ असं लिहिलंय. ‘कं.’ म्हणजे कंदील, असं त्या आजपर्यंत समजत होत्या. भर दुपारी डॉक्टर कंदील घेऊन का जायचे, याचं त्यांना नेहमी नवल वाटायचं. एकदा तर त्यांनी वर्गात मुलांना सांगितलंही होतं, की डॉक्टर किती दूरदृष्टीचे होते.

यावर कोणी हसलं नाही. बाईंनी रोजनिशी मिटली आणि म्हणाल्या, “मी दोन हजार मुलांना हे शिकवलं.” मग त्यांनी ताईला विचारलं, की त्या माणसाचं नाव काय होतं. ताईने मान हलवली.

बैठक काही न ठरताच उठली. सगळे दालनात आले, तर भाऊ दोरखंड ओलांडून मोटारीच्या दारापाशी उभा होता. कोणी काही म्हणायच्या आत तो आत शिरला. नव्या सीटवर बसला, डावा पाय कसाबसा आत घेतला, उजवाही रेटला, आणि अडकला. गुडघे चाकाच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले, ठोकळ्यावरचा डावा पाय जवळजवळ हनुवटीशी. त्याने चाक वळवून बघितलं. ते त्याच्याच मांडीवर आपटलं. शेवटी मिस्त्रीने खांद्याला आणि ताईने पायाला धरून त्याला बाहेर काढलं.

तो पायरीवर बसून राहिला. ताई शेजारी उभी होती.

“म्हणजे आजोबा नुसतं हँडल मारायचे,” तो म्हणाला.

 ताईने हो म्हटलं तरी त्याला लागणार होतं, नाही म्हणता येत नव्हतं. मिस्त्री म्हणाला, नुसतं म्हणण्याआधी मारून बघावं. त्याने हँडल आणून पुढे लावलं आणि अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूनेच ठेवायला सांगितलं, नाहीतर उलटा झटका बसला की अंगठा गेलाच. भावाने बाह्या वर केल्या. पहिल्या खेपेला हँडल हललंच नाही. दुसऱ्यांदा अर्धं फिरलं. पाचव्या-सहाव्यांदा त्याने अख्खं अंग टाकलं, तेव्हा आत कुठेतरी इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. भाऊ मडगार्डाला धरून धापा टाकत होता. शर्ट पाठीला चिकटला होता.

त्याने विचारलं, की हे रोज करायचं होतं का. मिस्त्री म्हणाला, थंडीच्या दिवसांत दहा-दहा वेळा, आणि मोटार बंद पडेल तिथे, चिखलातसुद्धा. भावाने हँडल काढून मिस्त्रीच्या हातात दिलं. घरी जाताना तो ताईच्या बरोबरीने, तिच्या चालीने चालला, एरवी दहा पावलं पुढे असायचा.

फेरीच्या दिवशी चौक भरला होता. ब्रेकची खात्री नाही, म्हणून मिस्त्रीने इंजिन चालू करायला साफ नकार दिला. मोटार ढकलायची ठरली. प्रमुख पाहुणे आणि बाई मागे बसले. पुढे हँडल हातात घेऊन भाऊ. चाक धरायला कोणीतरी हवं होतं, आणि त्या सीटवर मावेल असं माणूस एकच होतं. ताईने आयुष्यभर गाड्यांच्या सीटा शिवल्या, पण गाडी कधी चालवली नव्हती. भाऊ दरवाजा धरून तिला सांगत होता, की चाक घट्ट धरायचं नाही, नुसतं सोबत ठेवायचं.

मोटार हलली. सीट तिला मापून शिवल्यासारखी बसली, पण डाव्या पायाचं जमेना. ठोकळ्यामुळे तो गुडघा वर राहत होता, आणि ती आपोआप उजव्या अंगावर कलत होती. गर्दीतून टाळ्या येत होत्या. कर्ण्यावर बोलणाऱ्याला व्यवस्थापकांनी नवीन मजकूर लिहून दिला होता. त्याने तो वाचला की नाही कोण जाणे. तो ओरडून सांगत होता, की हीच ती डॉक्टर स्वतः चालवायचे ती मोटार, आणि आज ती चालवते आहे गावच्या पहिल्या ड्रायव्हरची नात. बाई मागून “नाही, नाही” म्हणत हात हलवत होत्या. लोकांना वाटलं त्या अभिवादन करताहेत, म्हणून टाळ्या वाढल्या. ताईला हसू येत होतं, आणि का कोण जाणे, रडूही. एवढ्या लोकांसमोर दोन्हींपैकी काहीच करता येईना, म्हणून तिने नजर रस्त्यावर ठेवली.

नंतर संग्रहालयात नवा फलक लागला. त्यावर डॉक्टरांचं नाव, बग्गीवाल्याचं नाव, ताईच्या आजोबांचं नाव, आणि चौथ्या ओळीत ‘चालक : दवाखान्याचे कंपाउंडर. नाव उपलब्ध नाही.’ ताईने पालिकेत, स्मशानाच्या नोंदींत, नावं शोधून बघितली. जी मिळाली ती दुसऱ्यांची होती. भावाची पाटी तशीच राहिली. फक्त पोरं शिकायला आली की पहिल्या दिवशी तो त्यांना संग्रहालयात नेऊ लागला. तिथे काय सांगायचा ते तिने कधी विचारलं नाही.

फेरीनंतरच्या रविवारी ती आत्याकडे गेली आणि सगळं सांगितलं. गोष्ट डाव्या पायावर येताच आत्याने तिला थांबवलं.

“डावा? उजवा होता.”

ताई म्हणाली की वहीत डावा आहे, ठोकळा डावीकडे आहे. आत्या ऐकेना. तिने डोळ्यांनी बघितलं होतं, काका त्या बाजूला झुकायचे, आणि तिने उजवीकडे बोट दाखवलं. ताई क्षणभर गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं, की लहान मुलगी दारात उभी असेल आणि काका समोरून येत असतील. ती उठली, खोलीच्या टोकाला गेली, उजवी टाच उचलली, डाव्या पायाला आखूड करून बघितलं, आणि आत्याच्या दिशेने चालत आली. एक पाऊल, खाली झुकणं, एक पाऊल.

आत्या बघत राहिली. तिचा हात रेडिओच्या बटणावर तसाच थांबला होता.

“हो,” ती म्हणाली. “असंच. पण एवढं हळू नाही. त्यांना नेहमी घाई असायची.”

ताई परत भिंतीपाशी गेली आणि या वेळी भराभर चालत आली.